सुटली

आमच्या भावोजींना क्लबातली पोरं 'अंगठेबहाद्दर' म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्यांना लिहिता-वाचता येत नसणार. खरं तर भावोजींचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार आहे, पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही. नाव पडलं होतं ते त्यांच्या उजव्या अंगठ्यामुळे. फुटबॉलच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक बुटकी खोली होती. खोलीत रेक्झिनचा एक बाक, कपाटात घड्या घातलेले टॉवेल, डोक्यात जाणारा निलगिरीच्या तेलाचा वास आणि मधोमध बाह्या कोपरापर्यंत चढवलेले भावोजी. मालीश हा त्यांचा धंदा. क्लबाने खेळाडूंसाठी ठेवलेले, पण बाहेरचे लोकही यायचे. मान धरलेले कारकून, कंबर गेलेले ट्रकवाले, खांदा उचलत नाही म्हणून रडकुंडीला आलेले रंगारी.

भावोजी कोणाला फार विचारत नसत. माणसाला बाकावर पालथं पाडायचं, स्वतः डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवत राहायचं. एका ठिकाणी अंगठा थांबायचा. "हां. ही इथे बसलीय बघा गाठ." गाठ म्हणजे आखडलेला स्नायू, त्यांच्या धंद्यातला शब्द. मग तिच्यावर अंगठा रोवून अंगाचं सगळं वजन टाकायचे. बाकावरच्या माणसाला आई आठवायची. थोड्या वेळाने आत काहीतरी ढिलं पडायचं, भावोजी डोळे उघडायचे, टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि जग जिंकल्यासारखे म्हणायचे, "सुटली!"

या शब्दावर त्यांनी उभा जन्म काढला. घरीसुद्धा तेच. बरणीचं घट्ट झाकण उघडलं, 'सुटलं!' शब्दकोड्यातली शेवटची ओळ आली, 'सुटलं!' मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. "सुटली का हो?" हे मला दिवसभर लोक विचारत असतात, त्यामुळे मला या शब्दाचं काडीचं कौतुक नव्हतं. ताईला मात्र होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भावोजींची बायको. लोकांचे कपडे उसवून घट्ट-सैल करून द्यायचं काम करते. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टांगलेल्या दुसऱ्यांच्या पँटी आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून ती नवऱ्याचं कौतुक करायची, आणि मला भीती वाटायची की कौतुकाच्या भरात एखादी गिळेल.

त्या वर्षी ताई जिन्यात पाय घसरून पडली. घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून बाईसाहेब कित्येक आठवडे पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. प्लास्टर कापलं त्या दिवशी आम्ही तिघं जोरात हसलो, कारण आतून निघालेला पाय भाजीवाल्याकडे उरलेल्या मुळ्यासारखा दिसत होता. सुटलो एकदाचे, असं भावोजी म्हणाले. मीही म्हणाले असेन.

पुढच्याच रविवारी मी त्यांच्याकडे गेले. ताई पलंगावर पाय पसरून बसली होती. तोच पाय आता मुळ्यासारखा राहिला नव्हता. पोटरी दुसऱ्या पोटरीच्या दीडपट झाली होती, कातडी ताणून चकचकीत झालेली. मी हात लावला तर गरम लागली.

"पोटरीत गोळा आल्यासारखं वाटतंय," ताई म्हणाली. "पण गोळा येतो आणि जातो ना? हा जातच नाही."

"ताई, मला हे बरं दिसत नाही. डॉक्टरांना दाखव."

भावोजी तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवत होते. ते तिथूनच म्हणाले, "शहरभरचे पाय माझ्याकडे येतात. घरातला पाय मी दुसऱ्याकडे नेऊ?"

"पाय तिचा आहे, तुमचा नाही."

"प्लास्टरात ठेवलेला पाय आखडतो, मग गाठी होतात. मी काय आज बघतोय?"

"एकच पाय सुजलाय, भावोजी. आणि गरम आहे."

"मग गाठही एकाच पायात असणार ना!"

मी ताईकडे बघितलं. निदान आज तरी ती माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तू गप गं. त्यांच्या हाताला गुण आहे." झालं. ताई एकदा हे वाक्य बोलली की तिच्यापुढे कोणाचंही चालत नाही.

त्यांनी पोटरीला तेल लावलं आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. त्यांना काम करताना मी खूपदा बघितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे डोळे उघडे होते. अंगठा गाठीपाशी पोचायचा, थांबायचा, दाबायचा आणि तसाच परत यायचा. ताईने चादर मुठीत धरली होती. तिला कळ येत होती, पण तोंडातून आवाज काढेल तर शपथ. भावोजींच्या कपाळावरून घामाचा थेंब तिच्या गुडघ्यावर पडला. "सुटत नाहीये," ते पुटपुटले. त्यांच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांनीही नव्हतं.

"आज राहू द्या ना," ताई शेवटी म्हणाली.

"उद्या पुन्हा बसतो. सुटल्याशिवाय जाते कुठे!"

मी चपला घालून तणतणत निघून आले. मला तेव्हा वैद्यकातलं काही कळत होतं असं अजिबात नाही. मला फक्त भावोजींचा राग येत होता, आणि तो मला एरवीही येतोच.

मंगळवारी दुपारी मी खिडकीत होते. एक गाडी नुकतीच गेली होती, आणि हातात दोन पिशव्या घेतलेला माणूस जाळीला नाक लावून "सुटली का? खरंच सुटली का?" करत होता. तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. भावोजींचा आवाज. त्यांना धाप लागली होती.

"अगं, हॉस्पिटलातून बोलतोय. ताईला सकाळी एकदम दम लागला. मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, श्वासच घेता येईना. इथे आणली. आत्ता डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या." इथे त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "सुटली गं!"

आपल्याकडे हा शब्द माणसाबद्दल कधी वापरतात ते सांगायला नको. फार सोसून एखादी गेली की शेजारणी दारात उभ्या राहून म्हणतात, सुटली बिचारी. माझ्या हातातून फोन पडला. जाळीपलीकडचा माणूस अजून विचारत होता, "सुटली का?" आणि मी त्याला "हो हो, सुटली" म्हणत भोकाड पसरलं. तो माणूस घाबरून म्हणाला, "जाऊ द्या बाई, मी पुढच्या गाडीने जाईन."

लोंबकळणाऱ्या फोनमधून भावोजी ओरडत होते. मी तो कानाला लावला.

"रडतेस काय वेडे? गाठ सुटली! पोटरीतली! डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या, पायातली सुटलीय. काल मी परत तासभर बसलो होतो, त्याला यश आलं बघ!"

मी पुन्हा रडले, या वेळी आनंदाने. मग त्यांना तोंडाला येईल ते बोलले. मग खिडकी बंद करून टॅक्सी पकडली. वाटेत मला एक प्रश्न छळू लागला. गाठ पायातली सुटली, तर कळ छातीत का आली?

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दारासमोरच्या खुर्चीत भावोजी बसले होते. घाईत घरून निघालेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं, हाताला निलगिरीचा वास. पण चेहरा फुललेला. माझ्यासाठी त्यांनी कागदी कपात चहा घेऊन ठेवला होता. काचेपलीकडे एक सिस्टर ऑक्सिजनचं नळकांडं ढकलत जवळजवळ पळत गेली.

"सुटली तर मग ती आत का आहे?" मी विचारलं.

"विश्रांती देतायत."

"आणि ऑक्सिजन?"

"तो सगळ्यांनाच देतात." त्यांनी काचेकडे बघितलं. मला दिसलं की हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारलेलाच नव्हता. विचारायला ते घाबरत होते असंही नाही. ज्या शब्दावर त्यांचा जन्म गेला तो शब्द ऐकल्यावर पुढे विचारायचं काय?

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने माझ्यापेक्षाही लहान, केस घाईत बांधलेले. त्यांनी भावोजींना विचारलं, "काका, पाय सुजल्यावर काही केलं होतं का घरी? शेक? मालीश?"

"मालीश," भावोजी उठून उभे राहिले. "मीच केली. परवा आणि काल. माझा धंदाच आहे तो. आधी दाद देत नव्हती, पण शेवटी सोडवली."

बाईंनी गळ्यातली तपासायची नळी काढून खिशात ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली.

"काका, बसा," त्या म्हणाल्या. "मघाशी मी धावतपळत सांगितलं, माझं चुकलं. नीट सांगते. तुम्ही म्हणता ती स्नायूची गाठ असते. ही रक्ताची गुठळी होती. पाय फार दिवस हलला नाही की शिरेतलं रक्त साकळतं, गोठतं. ती गुठळी शिरेला धरून एका जागी बसलेली असते, तेव्हा आम्ही तिला थ्रॉम्बस म्हणतो. पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो, पण त्याने जिवाला तेवढा धोका नसतो. तीच जागेवरून निघाली आणि रक्ताबरोबर वाहत गेली, की तिचं नाव बदलतं. एम्बोलस. ती मोठमोठ्या शिरांमधून वर जाते, हृदयातून पुढे ढकलली जाते आणि फुफ्फुसात जाऊन अडकते. मावशींचं तेच झालंय. गुठळी सुटली, असं मी म्हणाले ते याला."

भावोजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एखाद्याला हिशेब दोनदा समजावून सांगावा आणि तरी तो जुळू नये, तसे.

"म्हणजे," ते म्हणाले, "सुटायला नको होती?"

"नको होती."

"बसून राहायला हवी होती?"

"हो. तिथेच, औषधाने हळूहळू विरेपर्यंत."

मी त्यांना इतकं काही सुनवायचं ठरवून आले होते. पण ते आपल्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी ते हात मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"चोळल्यामुळेच सुटली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "न चोळतासुद्धा सुटते." हे त्या खरं म्हणून बोलल्या की दया येऊन, मला आजही कळलेलं नाही. भावोजींनी ते ऐकलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "आता?"

"रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन सुरू केलंय. लोक त्याला रक्त पातळ करायचं औषध म्हणतात, पण ते गुठळी फोडत नाही. आहे ती वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही, एवढंच. विरघळवायचं काम शरीर आपलं आपण करतं. त्याला महिने लागतात. पण काळजी दुसरीच आहे, काका. पायातली सगळी सुटलेली नाही. तुकडा गेलाय. बाकीची अजून मांडीपर्यंत बसलीय. पुढचे काही दिवस ती तिथेच राहायला हवी. दुसरा तुकडा वर गेला, तर ते मावशींना झेपेलच असं नाही."

"मग आपण काय करायचं?"

"तुम्ही? काहीच नाही. पायाला कोणी हात लावायचा नाही."

काहीच करायचं नाही, हे त्या माणसाला जमणारं नव्हतं. त्यांच्या धंद्यात दुखणं म्हणजे अडकलेलं काहीतरी, आणि इलाज म्हणजे ते मोकळं करणं. आता हाच माणूस काचेच्या दाराशी उभा राहून, ओठ हलवत, काहीतरी अडकून राहावं म्हणून विनवण्या करत होता. "राहा बाई," मला ऐकू येत होतं. "तिथेच बसून राहा. सुटू नकोस." ज्या गुठळीवर त्यांनी दोन दिवस अंगठा आपटला, तिच्याच पाया पडत होते. मला हसू आलं असतं, पण काचेपलीकडे माझी बहीण होती आणि तिच्या खाटेशी लावलेलं यंत्र मधूनच वेगळा आवाज काढत होतं. तसा आवाज आला की आम्ही दोघं उठून उभे राहायचो. सिस्टर ताईच्या बोटाचा चिमटा नीट लावायची, आवाज थांबायचा, आम्ही बसायचो. रात्रीपर्यंत आमचं उठणं-बसणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी एकेकाला आत सोडलं. मी आग्रह करून भावोजींबरोबर घुसले. सिस्टरने डोळे वटारले, मीही वटारले. ताई उशांना टेकून बसली होती. नाकाला नळी, ओठ पांढरे, एकेक शब्द श्वासाला विचारून बोलत होती. आम्हाला बघून तिने पायावरची चादर जरा बाजूला केली.

"अहो, पाय फार भरून आलाय. जरा दाबता?"

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. भावोजी दोन पावलं मागे सरले आणि हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकले.

"काय झालं?" ताईने माझ्याकडे बघितलं. आता मी सांगायचं की नाही? मनात आलं, आजारी बाईला कशाला, बरी झाल्यावर बघू. दुसरं मनात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तोंड उघडलं, पण भावोजी आधी बोलले.

"मी सोडवली," ते म्हणाले. "तुझ्या पायात होती ती गाठ नव्हती. रक्ताची गुठळी होती. तिला हात लावायचा नसतो. मी लावला. ती सुटली आणि तुझ्या छातीत गेली. अजून अर्धी पायात आहे." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "हिने सांगितलं होतं दाखवायला. मी ऐकलं नाही."

मला वाटलं, ताई नेहमीचं काहीतरी बोलेल. असू द्या, तुम्हाला काय माहीत. तेच एक वाक्य, हाताला गुण आहेचं. तिने नुसती चादर पुन्हा पायावर ओढली, कडा नीट केल्या, कापड बेततात तशा, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. यंत्राचा आवाज तेवढा चालू होता. आम्ही निघालो तरी तिने वळून बघितलं नाही. जिन्यात भावोजींना रडू आवरेना, आणि त्यांना कसं गप्प करायचं ते मला येईना. मी आपली त्यांची पिशवी धरून उभी राहिले.

नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. भावोजी रोज यायचे, बाहेर बसायचे, आत जायचे नाहीत. ताई त्यांचं नाव काढायची नाही, पण मी आत गेले की तिची नजर माझ्यामागे दाराकडे जायची. मी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी फिरायचे, तेही निरोप नसताना. ताईला जरा खोकला आला तरी मी सिस्टरला हाक मारायचे. दुसरा तुकडा, दुसरा तुकडा, एवढंच डोक्यात.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी यंत्राने पाय पुन्हा तपासला. आम्ही दोघं बाहेर. त्या आल्या तेव्हा भावोजी उभे राहिले नाहीत.

"जागेवर आहे," बाई म्हणाल्या. "हलली नाही. मी त्या दिवशीचा शब्द आज वापरत नाही, काका. बसलीय ती, घट्ट बसलीय. आणि कडेने विरायला लागलीय. आज मावशींना उठवून चार पावलं चालवा."

"मी?"

"मग कोण?"

आत ताई खाटेच्या कडेला बसलेली होती, पाय जमिनीला टेकलेले. भावोजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आधार द्यायला त्यांनी हात पुढे केला, पण कसा? मूठ घट्ट मिटून, अंगठा आत दडवून, नुसतं मनगट पुढे.

ताईने मनगटाकडे बघितलं. मग कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडाकडे.

"मनगट काय देताय? हात द्या."

"मला भीती वाटते हाताची," भावोजी म्हणाले.

"मलाही वाटते," ताई म्हणाली. "तरी द्या."

त्यांनी हळूहळू मूठ उघडली. ताईने बाकी बोटं सोडून नेमका तो अंगठाच धरला, मुठीत, आणि त्याच्यावर भार टाकून उभी राहिली. तिचा तोल जरा गेला. भावोजी दचकले, हात मागे घेणार इतक्यात ती ओरडली. त्या आवाजात रागही होता आणि जीवही परत आला होता.

"आता सोडू नका!"

त्यांनी सोडला नाही. दोघं दारापर्यंत गेले, तिथून पुढच्या खिडकीपर्यंत. मी सलाईनचा खांब ढकलत त्यांच्या मागून गेले.